आमच्याच विहिरीवर आमचा मंगळवार

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

रत्नागिरी,
मे महिन्याचा शेवटचा आठवडा
(तारीख घालत नाही. पाण्याच्या वारांपलीकडे दुसरा दिवस हल्ली मला आठवत नाही.)

तीर्थस्वरूप अप्पा भावोजी यांच्या चरणी कुसुमचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची आपल्याकडे रीत आहे म्हणून लिहिते. तसं काही नाही. तुमच्या गुडघ्यांना त्या नव्या तेलाने उतार पडला का? कमळाताईंचं बीपी काय म्हणतं? देवरूखला यंदा फणस कसा धरलाय? आमचा चांगला धरलाय, पण त्याच्या बुंध्याला आता एक हिरवी पाटी ठोकलेली आहे, तिच्याबद्दल पुढे लिहीनच. (आधी नमस्कार, मग तब्येत, मग भांडण, हा क्रम तुमच्या मातोश्रींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, मला घालून दिलाय. तो मी मोडणार नाही. बाकी पुष्कळ मोडणार आहे.) फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणाल. फोनवर तुम्ही दोन वाक्यं ऐकता, "बरं बरं" म्हणता आणि फोन कमळाताईंच्या हातात देता. आणि इकडे मी फोनवर बोलायला लागले की तुमचे बंधुराज नेमके त्याच खोलीत येऊन छत्र्या दुरुस्त करायला बसतात. आत्ता ते जेवून झोपलेत. एवढं करून ह्यांना झोप लागते याचंच मला नवल वाटतं.

तर सांगायचं ते असं, की आपली परसातली विहीर गेली. आटली नाही, ढासळली नाही, कोणी विकत घेतली नाही. तुमच्या सख्ख्या धाकट्या भावाने ती देवासमोर, भर माणसांत, खणखणीत आवाजात आळीला देऊन टाकली. आणि आता माझ्याच घराच्या मागच्या दारी, माझ्याच विहिरीवर, पाणी भरायला मला मंगळवार आणि शुक्रवार असे दोन वार नेमून दिलेले आहेत. ह्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी माझ्या हातात त्या विहिरीचा दोर दिला होता (किल्ल्या पुष्कळ वर्षांनी दिल्या). कडक उन्हाळ्यात दुपारनंतर विहिरीला हात लावायचा नाही, तिला रात्रभर भरू द्यायचं, सकाळी लागेल तेवढंच काढायचं, हे त्यांनी मला शिकवलं आणि मी पाळलं. आळीतल्या सगळ्या विहिरी एप्रिलात तळ दाखवतात, आपली मृगापर्यंत ओढून नेते, ती काय उगाच? तिचं पाणी टिकलं ते आम्ही टिकवलं म्हणून. आणि हे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून मोकळे झाले.

याचं मूळ अजिंक्य. तुम्ही त्याला ओळखता, आपल्या दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडचा, तुमच्या शाळासोबत्याचा मुलगा. पुण्याला कंपनीत होता, तिथून दोन वर्षांपूर्वी परत आला आणि बापाच्या घराचं पर्यटकांसाठी "निसर्ग निवास" केलं. मुलगा वाईट नाही, मला काकू काकू करतो, पण त्याला रिकामं बसवत नाही. त्याने "हरित आळी जलमित्र मंडळ" काढलं, व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला आणि आम्हाला न विचारता सगळ्यांना त्यात घातलं. रोज सकाळी पाणी वाचवण्याबद्दल एक सुविचार येतो. नळ एक दिवसाआड येतो, सुविचार रोज येतात. पहिली सभा आपल्या पडवीत झाली, कारण आपली पडवी मोठी आणि मी सरबत करते हे आळीला ठाऊक आहे. प्लास्टिकचे पेले मंडळाला चालत नाहीत, म्हणून मी घरातले सगळे स्टीलचे पेले काढले. पाणी कसं वाचवावं यावर सभा दिवेलागणीपर्यंत चालली, आणि मग ते सगळे पेले विसळायला मला किती बादल्या पाणी लागलं ते मंडळाने विचारलं नाही. (सरबताला पाणी कुठल्या विहिरीचं होतं, हेही नाही.)

त्या सभेत ठरलं, की आळीच्या टोकाला छोटं घनदाट जंगल लावायचं. भावोजी, हे रत्नागिरी आहे. इथे आंबा खाऊन बाठा टाकला तर दुसऱ्या वर्षी तिथे चालायला वाट राहत नाही. पावसाळ्यात भिंतीत झाड उगवतं, गटारात उगवतं, ह्यांच्या जुन्या स्कूटरच्या सीटमध्येसुद्धा एकदा उगवलं होतं. आम्ही जन्मभर कोयता घेऊन रान मागे हटवत आलो आणि ही मंडळी वाळवंटातून आल्यासारखी जंगल लावायला निघाली. आणि कधी? ऐन मे महिन्यात, कातळावर. कातळ फोडायला मशीन आणलं, त्याने दोन दिवस माझ्या कपाटातली भांडी नाचली. मग त्या खड्ड्यांत माती विकत आणून रोपं लावली आणि रोपं माना टाकायला लागली. तेव्हा मंडळाच्या लक्षात आलं, की झाडांना पाणी लागतं. आणि पाणी कुणाकडे आहे? काकूंकडे.

दुसरी योजना म्हणजे पावसाचं पाणी विहिरीत सोडायचं. ह्याला माझी हरकत नव्हती, हे मी आधीच लिहून ठेवते, नाहीतर उद्या म्हणाल कुसुमला नवं काही सोसत नाही. कौलांवरून धो धो पडणारं पाणी पन्हळीतून नळीत, नळीतून गाळणीत, गाळणीतून विहिरीत, ही कल्पना मला पटली होती. अजिंक्यने ह्यांच्याकडे तेवढ्याचीच परवानगी मागितली होती, ह्यांनी तेवढीच दिली होती. पण त्याबरोबर एक शोषखड्डा हवा म्हणून तो खणला तो नेमका फाटक आणि पायऱ्या यांच्या मधोमध. वरून एक फळी टाकली. गॅसवाला फळी बघून सिलिंडर फाटकाबाहेर ठेवून गेला, ह्यांनी तो मर्दुमकी दाखवत उचलून आणला आणि तेव्हापासून कमरेला पट्टा आहे. खड्ड्यात अजून एक थेंब शोषला गेलेला नाही. आळीतली मांजरं तेवढी दुपारी गारव्याला जाऊन बसतात.

आता मुख्य प्रसंग. काम सुरू करण्याआधी विहिरीपाशी नारळ द्यायचा, देवाला गाऱ्हाणं घालायचं, हे ओघानेच आलं. पुण्याहून आलेल्या अजिंक्यलासुद्धा ते चुकवायचं धैर्य नव्हतं. गाऱ्हाणं घालायला आपल्या आळीत केरूतात्यांशिवाय कोण आहे? तात्यांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. माणूस भला, पण एकदा सूर लागला की आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांना कळत नाही, शब्द शब्दाला ओढत नेतो. सगळे डोकी उघडी ठेवायची नाहीत म्हणून रुमाल, टोप्या घालून उभे. मी स्वयंपाकघराच्या दारात प्रसादाचं ताट घेऊन. तात्यांनी सुरुवात केली, की बा देवा महाराजा, आज जी काय ही लेकरं तुझ्या पायाशी गोळा झाली हायत, त्यांनी जी काय पावसाच्या पाण्याची योजना मांडली हाय ती तडीस ने. सगळे म्हणाले, व्हय महाराजा. जो काय दगडधोंडा आडवा येईल तो बाजूला कर. व्हय महाराजा. कुणाची वाकडी नजर पडली असंल तर ती सरळ कर. व्हय महाराजा. इथवर ठीक होतं. मग तात्यांनी डोळे मिटले, सूर आणखी वर नेला आणि म्हणाले:

"आनि चिंतामणभाऊंनी आपली ही बाव जी काय सगळ्या आळीला वापरायला दिली हाय, तिचं पानी बारा म्हैने आटू देऊ नको."

आणि तुमचे बंधुराज सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाले:

"व्हय महाराजा!"

भावोजी, माझ्या हातातलं ताट पडलं नाही एवढंच. दिली कधी? कुणी? कुणाला? तात्यांनी ते बोलण्याच्या भरात जोडलं, हे मागाहून त्यांनीच कबूल केलं. नुसती पाण्याची योजना म्हणायला त्यांना अळणी वाटलं म्हणे, कुणी काहीतरी देतंय असं असलं की गाऱ्हाण्याला वजन येतं. पण ह्यांनी तोंड मिटून धरलं असतं तर वजन तात्यांच्याच गळ्यात राहिलं असतं. लग्न झाल्यापासून मी ह्या माणसाच्या तोंडून चटकन "होय" ऐकलेलं नाही. चहा घेणार का, "बघू". भिंतींना चुना काढायचा का, "बघू". मुलीला बघायला लोक येणार आहेत, घरी राहाल का, त्यालाही "बघू" म्हणालेले हे गृहस्थ. मी विचारलं, त्या वेळी "बघू" कुठे गेलं होतं? तर म्हणाले, तात्या सूर वर नेऊन थांबले की तोंड आपोआप उघडतं, लहानपणापासून शिमग्यात सवय झालीय, वाक्य ऐकतो कोण. आता बोला. एवढं होईपर्यंत नारळ फुटला, अर्धी कवड माझ्याच हातात आली, आणि प्रसाद हातात असताना भांडता येत नाही, म्हणून मी गिळून गप्प बसले. अजिंक्यने सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत तो ग्रुपवर आला. खाली "चिंतामण काकांचे शतशः आभार", आणि त्याखाली आळीभरचे हात जोडलेले.

दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली. मी म्हणत नाही की लोकांना गरज नाही. आहे. पण ज्याच्या त्याच्या हातात मोटार आणि नळी, आणि विहीर किती खोल, झरा किती बारीक, याचा विचार कुणाला नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपण पोरांना म्हणून शिकवतो आणि मोठे झाल्यावर मोटार लावतो. भांडणं झाली. मग भांडणं मिटवायला अजिंक्यने वारांची पाटी रंगवली आणि फणसाला ठोकली. जिवंत झाडाला, खिळ्यांनी, हरित आळी मंडळाने. त्यात आमच्या घराला मंगळवार आणि शुक्रवार. म्हणजे सोमवारी मी घरात पाहुणा आला म्हणून एक कळशी जास्त काढली तर ती चोरी. तशी मी गेल्या सोमवारी काढली. (मोटार लावली असती तर आवाज झाला असता, म्हणून दोराने काढली. स्वतःच्या विहिरीचं पाणी मी पाय न वाजवता काढलं, भावोजी, ह्या वयात.) दुपारी ग्रुपवर माझा पाठमोरा फोटो. गाऊन घातलेला, हातात कळशी. खाली लिहिलेलं, "कृपया नेमून दिलेल्या वारांचे पालन करावे", आणि पुन्हा ते जोडलेले हात. ह्यांनी त्या फोटोला पसंतीचा अंगठा दिला होता. मी विचारलं तर म्हणाले, पाठमोरा होता, ओळखलं नाही.

तरीसुद्धा मी सहन केलं असतं. पण गेल्या आठवड्यात बघते तर रात्री जेवढं पाणी असतं तेवढं सकाळी नाही. उलटं कसं होईल? विहीर रात्री भरते. म्हणून उजाडता उजाडता परसात गेले, तर गडग्याच्या दगडांतून एक काळी नळी पलीकडे गेलेली. नळीच्या मागोमाग गडग्यावरून वाकून बघितलं, तर निसर्ग निवासच्या हिरवळीवर कारंजं गोल गोल फिरतंय. मुंबईची दोन पाहुणे मंडळी त्यात अनवाणी चालत होती. मी अजिंक्यला तिथल्या तिथे हाक मारली. तो आला, लाजला, आणि म्हणाला पाणी खरं तर जंगलाच्या रोपांसाठीच घेतो, उरलेलं हिरवळीला जातं, आणि "काकू, लॉनपण हिरवंच आहे ना." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मुंबईच्या मंडळींना वाटलं हा कोकण दर्शनाचाच भाग असावा, त्यांनी फोटो काढले.

आणि त्याच सकाळी सोनूबाई आली. आपल्या मागच्या चाळीतली, सावर्ड्याची, जिची सासू अंथरुणाला खिळून आहे. ती आपल्याकडे मंडळ जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून पाणी नेते. दोन हंडे, जास्त कधी नाही, आणि दर वेळी दारातून "वैनी, घेऊ काय?" म्हणून हाक मारल्याशिवाय दोराला हात लावत नाही. तिला पाटीत शनिवार मिळालाय. म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण शनिवारची वाट बघत नाही. त्या दिवशी तिचा हंडा खाली गेला तो गाळ घेऊन वर आला. ती पदराने गाळून घेऊ म्हणाली. मी तिला आमच्या पिंपातलं दिलं. आणि मग आत येऊन ह्यांना उठवून इतकी भांडले, की केरूतात्या काय झालं म्हणून धावत आले.

तेव्हा तात्यांना मी स्पष्ट विचारलं, की जे बोललात ते मागे घ्या. तर तात्या एकदम गंभीर झाले. म्हणाले, "वैनी, देवाफुडं शबूद पडला. आता तो फिरवायचा तर ज्यांच्या नावावर बाव, त्यांच्यातला थोरला हुबा ऱ्हायला पायजे." म्हणजे तुम्ही. सातबाऱ्यावर तुमचं नाव पहिलं. मी म्हटलं, तात्या, शब्द टाकताना धाकटा चालला, फिरवताना थोरला? तर म्हणाले, टाकायला कुणीपन चालतो. (मी शिकलेली बाई, हे असलं मानू नये हे मला कळतं. पण देवाने त्या दिवशी ऐकलं असेल तर उगाच परीक्षा कशाला बघा.) पण भावोजी, तुमचे गुडघे, तो देवरूखचा घाट, त्या एसटीचे हादरे. मी तुम्हाला त्रास देणार नाही. तुम्ही मुळीच येऊ नका. घरातल्या थोरल्याच्या कानावर घातलं, मन मोकळं झालं, एवढंच ह्या पत्राचं काम. तुमच्याकडून मला काही नको.

कमळाताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आमसुलं वाळवून ठेवलीत, कुणी येणारं भेटलं की पाठवते.

आपली,
कुसुम

ता. क. : वर "मुळीच येऊ नका" लिहिलंय ते रीत म्हणून. या. येत्या रविवारी, सकाळच्या पहिल्या एसटीने. मृग लागण्याआधी पाऊस नीट पडावा म्हणून विहिरीपाशी गाऱ्हाणं आहे असं मी आळीला सांगितलंय, सगळे जमणार आहेत. गाऱ्हाणं तुम्ही घालायचं. आधी पाऊस मागा, पिकापाण्याचं मागा, लेकराबाळांचं मागा. मग सूर वर न्या आणि म्हणा, की ह्या बावीचं पाणी ज्याला दोराने ओढता येतं त्याने रोज ओढावं, ज्याला मोटार लागते त्याने नळाची वाट बघावी. आणि तिथे थांबा. पुढचं ते सगळे आपोआप म्हणतील. अजिंक्य सगळ्यात मोठ्याने म्हणेल, त्याला आता ते फार आवडायला लागलंय, आणि व्हिडिओ त्याचाच असेल. विहीर मात्र परत मागू नका. मागितलीत तर सोनूबाईला मी काय सांगू?

ता. क. दुसरं : तुम्ही म्हणाल, मग तुमचीही मोटार निघेल. निघेल. मला कळतं ते. शोषखड्डा बुजवायला माणूस येणार आहे, त्यालाच सांगून ठेवलंय की आमची मोटार आधी काढ. ह्यांनी कमरेचं कारण सांगून बघितलं. मी म्हटलं, व्हय महाराजा म्हणायला कंबर लागली नव्हती.

ता. क. शेवटचं : तुम्ही रविवारी येताय, असं मी केरूतात्यांना सांगून टाकलंय आणि ग्रुपवरही घातलंय. आळीने हात जोडलेत. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, तुम्ही थोरले, चुकलंच माझं. पण भावोजी, इतकी वर्षं त्या विहिरीचं पाणी मी ओढलं, आणि ती देताना मला कुणी विचारलं होतं का?